लाल गिरणगाव वॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वॉक नक्की कशाचा आहे? हेरिटेज वॉकसारखाच का?

थोडा तसा, थोडा वेगळा. लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, वरळी या पट्ट्यात एके काळी साठेक कापड गिरण्या होत्या आणि तिथले दोन-अडीच लाख कामगार रोज भोंग्यावर उठायचे. याच भागात 1920 च्या दशकापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं लाल बावट्याचं, म्हणजे कम्युनिस्टांचं, मोठं वजन होतं. युनियन, संप, मोर्चे, शाहीर, खानावळी, निवडणुका, खून, सगळं इथेच. ते पायी फिरत दाखवतो आणि सांगतो. हेरिटेज वॉकला कमानी, खांब, घुमट असतं, आमच्याकडे त्यातलं जवळपास काहीच नाही हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर कुणाचा मूड जायला नको.

प्राग, बुडापेस्ट, बुखारेस्टला "कम्युनिझम टूर" असतात, तसंच का हे?

नाही, आणि हा फरक समजला की अर्धा वॉक समजला. तिकडे कम्युनिस्ट सत्तेत होते, त्यामुळे तिकडच्या टूरमध्ये पुतळे, बंकर, गुप्त पोलिसांची ऑफिसं, जाडजूड सरकारी इमारती असतात. मुंबईत कम्युनिस्ट राज्य करायला कधी बसलेच नाहीत. फार तर 1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत महापालिका हाती आली आणि 1958 मध्ये कॉम्रेड एस. एस. मिरजकर महापौर झाले, मीरत खटल्यातला (सरकारने 1929 ला भरलेला कटाचा खटला, पुढे येतोच) आरोपी मुंबईचा महापौर! बाकी सगळा काळ ते विरोधातच, बऱ्याचदा तुरुंगात किंवा भूमिगत. त्यामुळे त्यांनी बांधलेलं दगडाविटांचं काही नाही, जे होतं ते दहा बाय बाराच्या खोलीत, गिरणीच्या गेटवर आणि मैदानात होतं. एक गमतीचा अपवाद म्हणजे प्रभादेवीचा लेनिनग्राड चौक. रशियात लेनिनग्राडचं परत सेंट पीटर्सबर्ग झालं, आमच्या चौकाला कुणी हात लावला नाही.

कुठून सुरू होतो, किती चालावं लागतं?

करी रोड स्टेशनच्या पश्चिमेला, म्हणजे डिलाईल रोड बाजूला भेटायचं. आता त्या रोडला ना. म. जोशी मार्ग म्हणतात पण शेअर टॅक्सीवाल्याला डिलाईल रोडच सांगा. तिथून बीडीडी चाळी, मग रेल्वेलाईन ओलांडून लालबाग, भारतमाता सिनेमा, परळ नाका, दळवी बिल्डिंग, दामोदर हॉलची जागा आणि शेवटी कामगार मैदान. रविवारी सकाळी साडेसातला सुरू करतो, साडेदहा-अकरा होतात, कुणी जुना कामगार रस्त्यात भेटला आणि बोलायला लागला तर बारा पण वाजतात आणि आम्ही त्यांना थांबवत नाही. या भागात पुलांची कामं कायम चालू असतात त्यामुळे रस्ता ऐनवेळी बदलू शकतो.

प्रत्यक्ष बघायला काय मिळतं? खरं सांगा.

खरं सांगायचं तर अर्ध्या ठिकाणी आम्ही एखाद्या टॉवरच्या गेटसमोर उभं राहून "इथे अमुक होतं" असं सांगतो आणि वॉचमन आमच्याकडे संशयाने बघतो. गिरण्यांच्या काही चिमण्या (धुराडी) उभ्या आहेत, काही ठिकाणी गिरणीची कंपाऊंड वॉल आहे, काही गेट आहेत. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या, चार ठिकाणी मिळून दोनशेच्या वर इमारती, 160 चौरस फुटांच्या खोल्या, आणि आता त्याही पुनर्विकासात एकेक करून जातायत. त्यामुळे यायचं असेल तर लवकर या, पुढच्या वर्षी दाखवायला काय उरेल माहीत नाही.

खोली मात्र नीट बघून घ्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. घरातली माणसं गावाला, रत्नागिरी नाहीतर सातारा-कोल्हापूरकडे. संपाच्या वेळी याच खोल्या मीटिंगच्या जागा व्हायच्या. युनियनला वेगळं ऑफिस लागायचंच नाही, जिना चढलं की मजल्यावरचे सगळे जमले. शहरातली दुसरी कुठलीही पार्टी इतकी घरात शिरलेली नव्हती.

लाल बावटा इथे आला कुठून? गिरणी कामगार तर आधीपासून होते की.

कामगार होते, संपही होते. 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवलं, एका वर्षाला एक दिवस असा हिशोब. ना. म. जोशींनी 1911 ला सोशल सर्व्हिस लीग काढली, शाळा, वाचनालयं, दवाखाना अशी कामं सुरू केली. 1920 ला आयटकची (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापनासुद्धा मुंबईतच झाली. श्रीपाद अमृत डांगे 1922 मध्ये मुंबईतून 'सोशालिस्ट' नावाचं साप्ताहिक काढायला लागले, पण तेव्हा ही सगळी कॉलेजातली शिकलेली मंडळी, गिरणीत त्यांना ओळखणारे कमीच.

खरा बदल 1928 ला झाला. मालकांनी काय केलं तर माणसं कमी करून उरलेल्यांना जास्त साचे (माग) द्यायचे आणि दरही कापायचे असा घाट घातला. एप्रिलमध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने, दीडेक लाख माणूस बाहेर. त्यातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, सुरुवातीला तीनशे-सव्वातीनशे सभासद होते आणि डिसेंबरपर्यंत 54,000 झाले. अध्यक्ष अर्जुन आळवे, ते स्वतः गिरणीतले, आणि सेक्रेटरी डांगे. ही जोडी महत्त्वाची आहे कारण नुसत्या डांग्यांचं भाषण ऐकून कुणी सहा महिने उपाशी राहत नाही, आपल्यातला एक माणूस वर बसलाय हे दिसावं लागतं.

सरकार एवढं हादरलं की मार्च 1929 मध्ये देशभरातून धरपकड करून मीरत कटाचा खटला भरला. डांगे, मिरजकर, आळवे, कासले असे मुंबईचे बरेच जण त्यात, शिवाय ब्रॅडली, स्प्रॅट आणि नंतर पकडलेला हचिन्सन असे तीन इंग्रजसुद्धा. मुंबईच्या लोकांवर खटला मुंबईत न चालवता मीरतला का, तर तिथे ज्युरी नव्हती. जवळपास चार वर्षं खटला चालला, निकाल 1933 ला.

बाबासाहेब आणि कम्युनिस्टांचं जमायचं की नाही?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी ग्रुपमध्ये दोन तट पडतात, त्यामुळे आम्ही बीडीडी चाळीतच उभं राहून याचं उत्तर देतो, कारण प्रश्न तिथलाच आहे.

गिरणीत सगळ्यात जास्त पगार विणाई खात्यात, आणि त्या खात्यात दलित कामगाराला घेत नव्हते. कारण असं दिलं जायचं की धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने ओढावं लागतं, म्हणजे विटाळ. हे मालक नव्हे तर सोबतचे कामगार म्हणायचे, लाल बावट्याखाली उभे असलेले कामगार. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला की आमच्या माणसांना विणाईत प्रवेश देणार का ते आधी बोला. युनियनच्या पुढाऱ्यांनी ते मनापासून कधी लावून धरलं नाही, बहुसंख्य सभासद दुखावतील ही भीती. म्हणून 1929 च्या संपाला बाबासाहेबांनी उघड विरोध केला.

पुढे 1938 ला काँग्रेसच्या खेर सरकारने संपावर बंधनं आणणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं तेव्हा हेच दोघे एकत्र आले. 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आणि त्यानंतर परत फाटलं, 1952 ला बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले, तेव्हा कम्युनिस्ट त्यांच्या विरोधातच काम करत होते. आमचं मत विचाराल तर विणाई खात्याचा प्रश्न हा लाल बावट्याने टाळलेला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तो गाळून हा वॉक करता येत नाही. काही जुन्या कॉम्रेडना आमचं हे बोलणं आवडत नाही, चालायचंच.

दत्ता सामंत कम्युनिस्ट होते ना?

नाही. डॉक्टरसाहेब 1972 ला काँग्रेसचे आमदार होते, नंतर त्यांची स्वतःची युनियन. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप त्यांचा, लाल बावट्याचा नाही. लोकांच्या डोक्यात संप म्हणजे लाल आणि लाल म्हणजे 82 असं पक्कं बसलंय.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

सगळीकडे, फक्त फोटोत कमी. गिरणीत आधी बायकांची संख्या चांगली होती, नंतर रातपाळीवर बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च वगैरे कारणं काढून मालकांनी त्यांना हळूहळू काढलं. उषाताई डांगे बालविधवा होत्या, डांग्यांशी लग्न केलं आणि बायकामुलींच्या खात्यांत जाऊन युनियन बांधली.

फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांनी बंड केलं. कुलाब्याला नौदलाच्या 'तलवार' तळावर ठिणगी पडली, 22 तारखेला कम्युनिस्टांनी पाठिंब्याचा संप पुकारला आणि गिरणगाव बंद झाला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोघांचेही मोठे नेते नको म्हणत होते. परळमध्ये लष्कराने गोळीबार केला, त्यात कमल दोंदे गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेच्या वर माणसं मेली. कुलाब्याला बंडाचं स्मारक आहे, पण चाळीतून खाली उतरून मेलेल्या माणसांबद्दल बोलायला परळमध्ये उभं राहावं लागतं, म्हणून आम्ही राहतो.

आणि खानावळवाल्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका, महिन्याच्या उधारीवर. संप झाला की कामगाराचा पगार बंद, म्हणजे हिचे पैसे बुडाले, तरी ती जेवायला घालतच राहायची आणि वाण्याकडे भांडी नाहीतर मंगळसूत्र गहाण. संप टिकायचा तो यांच्या चुलीवर. कॉम्रेड प्रेमा पुरव यांनी हे बघूनच 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

शाहिरांबद्दल काही आहे का? गाणी म्हणता का तुम्ही?

आहे तर! दामोदर हॉलच्या जागेपाशी (हॉल पुनर्विकासासाठी बंद झाला) बराच वेळ यातच जातो. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ वाटेगावहून चालत मुंबईला आलेले, मोरबाग गिरणीत काम केलेलं, शाळा म्हणाल तर नावापुरती. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल, माईक नसताना मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा असं जुने लोक सांगतात. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला आणि आतलं सामान बदललं, गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आले, गौळण गेली, सावकार आणि मालक आले. मोरारजी देसाईंच्या काळात सरकारने तमाशावर बंदी घातली तर यांनी त्यालाच लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली.

आम्ही गातो, पण आमच्यात एकालाच सूर आहे आणि तो दर रविवारी येत नाही. डफ मात्र असतो.

बलराज साहनी, कैफी आझमी वगैरे सिनेमावाले पण कम्युनिस्टच ना? ते का नाहीत?

ते गिरगावात. खेतवाडीतल्या राजभुवनमध्ये 1940 च्या दशकात पक्षाचं मुख्य कार्यालय आणि कम्यून होतं, पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी, फोटोग्राफर सुनील जाना, चित्रकार चित्तप्रसाद अशी माणसं तिथे. मे 1943 मध्ये इप्टाची (डाव्या कलावंतांची नाट्यसंस्था) स्थापना तिथूनच जवळ मारवाडी विद्यालयाच्या हॉलमध्ये झाली, आणि कैफी-शौकत रेड फ्लॅग हॉलमधल्या एका खोलीत राहायचे. त्याचा वेगळा वॉक कधीतरी करतो. पण गंमत बघा, सिनेमा आणि उर्दू शायरीवाल्या कम्युनिस्टांवर ढीगभर लिहिलं गेलं, आणि आळवे-कासले कोण ते परळच्या पोरांनाही माहीत नाही. म्हणून आधी गिरणगाव.

कृष्णा देसाईंबद्दल बोलता का? शिवसेनेला शिव्या घालता का?

बोलतो. शिव्या घालत नाही. ज्या गल्ल्यांत आपण फिरतो तिथे एकाच घरात आजोबा लाल बावट्याचे, वडील सेनेचे आणि नातू कुठल्या सेनेचा ते विचारायचं नाही अशी परिस्थिती आहे, त्यामुळे तोंड सांभाळूनच बोलावं लागतं, पण घडलं ते घडलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे, अत्रे, एस. एम. जोशी आणि प्रबोधनकार ठाकरे एकाच व्यासपीठावर होते. हुतात्मा चौकातलं शिल्प बघा, मशाल धरलेले दोघे म्हणजे कामगार आणि शेतकरी, ती भाषा कुणाची ते कळतंच. 1957 आणि 1967 ला डांगे मुंबईतून खासदार झाले. जून 1966 मध्ये शिवसेना निघाली आणि 1967 च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगवर, म्हणजे युनियनच्या ऑफिसवर हल्ला झाला. 5 जून 1970 ला लालबागमध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. कोर्टात काही शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, जिंकले मात्र वामनराव महाडिक, सेनेचे पहिले आमदार. परळने हे केलं, त्याच परळने. का केलं यावर ग्रुपमध्ये बोलूया.

मग एवढं सगळं संपलं कसं? सेनेमुळेच ना?

एका कारणावर बोट ठेवलं की सोपं जातं, पण तसं नाही. 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा घ्या, त्यात एका धंद्यात एकच युनियन मान्यताप्राप्त, आणि ती मान्यता काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. म्हणजे कामगार लाल बावट्यामागे असले तरी मालकाशी बोलणी करायचा हक्क दुसऱ्यालाच. माणसाला बोनस हवा असतो, तो मिळवून देता येत नसेल तर झेंडा किती दिवस धरणार? त्यात 1964 ला कम्युनिस्ट पक्ष फुटला. डांग्यांनी इंदिराबाईंची बाजू धरली, आणीबाणीलाही पाठिंबा दिला, आणि 1981 ला स्वतःच्याच पक्षातून बाहेर काढले गेले. मराठी पोराला नोकरी का नाही या प्रश्नाला सेनेकडे दोन ओळींचं उत्तर होतं, कॉम्रेडकडे दोन तासांचं. 82 येईपर्यंत कामगार नवा नेता शोधतच होते. तो संप तर अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही.

जमिनीचं वेगळंच प्रकरण. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकायला काढली तर एक तृतीयांश मोकळी जागा शहराला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला असं होतं. 2001 मध्ये नियम असा बदलला की फक्त रिकाम्या जमिनीवर वाटणी, शेड उभी होती ती जमीन धरायचीच नाही. वाटणीला उरलं किती! 2006 ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं.

तुम्ही स्वतः कम्युनिस्ट आहात का?

एक जण आहे, एक होता, बाकीच्यांच्या घरात कुणीतरी गिरणीत होतं.

फी किती?

फी नाही. शेवटी टोपी फिरवतो, त्यात टाकायचं ते टाका.

फोटो, व्हिडिओ, रील चालतील का?

रस्त्यावर चालतील. चाळीत नाही, विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. लोकांच्या दारात कपडे वाळत असतात, कुणी आंघोळीला चाललंय, ते "व्हिंटेज" वगैरे काही नाही, त्यांचं घर आहे. आणि मोठ्याने "अरे देवा, एवढ्याशा खोलीत राहतात?" असं म्हणू नका, भिंती पातळ आहेत.

पावसात होतो का? गणपतीत?

पावसात होतो, पण हिंदमाता-परळ भागात पाणी भरलं की रद्द. गणपतीचे दहा दिवस लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते त्यामुळे पूर्ण बंद. 1 मेला मात्र नक्की असतो आणि गर्दी होते, लवकर कळवा.

वयस्कर माणसं, लहान मुलं येऊ शकतात का?

येऊ देत. चाळीचे जिने उंच आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच थांबावं, तसंही खाली कट्ट्यावर जास्त गप्पा मिळतात. साधारण दहाच्या खालची मुलं कंटाळतात. टॉयलेट स्टेशनवरच आटपून या. चहा-वड्यासाठी लालबागला थांबतो, घरून डबा नको.

माझे आजोबा गिरणीत होते. म्हाडाच्या घराचं काही होईल का?

हे विचारणारे खूप येतात आणि आमच्या हातात काही नाही हे सांगताना वाईट वाटतं. 2012 ला पहिली मोठी सोडत निघाली, त्यानंतर काही निघाल्या, पण अर्जदार दीड लाखाच्या वर आणि घरं त्याच्या कितीतरी कमी. आता बऱ्याच जणांना शेलू-वांगणीला पाठवायचं चाललंय आणि कामगार संघटना मुंबईतच घर द्या म्हणून भांडतायत. तुमच्याकडे जे असेल ते, गिरणीचा पास, हजेरीचं तिकीट, पीएफची चिठ्ठी, ईएसआयसीचं कार्ड, वारसाचे कागद, सगळं एकत्र ठेवा आणि थेट म्हाडाच्या बांद्र्याच्या ऑफिसला किंवा कामगार संघटनेकडे जा. नंबर वर काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. आणि वॉकला येताना त्या पासची झेरॉक्स आणलीत तर आम्हाला बघायला आवडेल, ओरिजिनल घरीच ठेवा.